इफुगाओ शिकायचीय? मग इंग्रजी ठेवा बाजूला, घरातली मराठी काढा

परवा रंकाळ्यावर भेळ खात बसलो होतो, तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला म्हणून चार वाक्यं बोललो आणि फोन ठेवला, तर शेजारचा मित्र तोंडातला घास तसाच ठेवून माझ्याकडं बघतोय. म्हणतो, भावा ही कुठली भाषा, चिनी काय? म्हटलं नाही रे, इफुगाओ. त्यावर पुढचा प्रश्न, ते काय असतंय. मग फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या डोंगरातली भाषा आहे ही, असं त्याला अर्धा तास सांगत बसलो आणि घरी आल्यावर वाटलं हे लिहूनच काढावं, कारण फिलिपिन्सला मेडिकलला जाणारी पोरं आता आपल्याकडं गल्लोगल्ली झालीत, आखातात नोकरीला गेलेल्याच्या शेजारच्या खाटेवर तर फिलिपिनो माणूस असतोच असतो, आणि त्यातला एखादा डोंगराकडचा निघाला तर त्याच्या भाषेतले चार शब्द टाकून बघा, माणूस कसा खुलतो ते.

मी काय भाषातज्ज्ञ बिज्ञ नाही. लॅब टेक्निशियन. आखातातल्या एका हॉस्पिटलात चार वर्षं नाईट ड्युटी केली, तिथं एक सिनियर नर्स होत्या, गाव किआंगान, इफुगाओ प्रांत. सगळे त्यांना मनांग म्हणायचे म्हणून मीपण मनांग म्हणायला लागलो. मनांग म्हणजे ताई, पण हा शब्द इफुगाओ नाही, इलोकानो आहे, उत्तर लुझोनमध्ये बाजारात, बसमध्ये, सगळीकडं चालणारी ती भाषा. रात्री दोन-तीन वाजता सॅम्पल यायचे बंद झाले की त्या शिकवायच्या आणि मी रिपोर्टच्या कोऱ्या पाठीवर देवनागरीत लिहून घ्यायचो. तो कागदांचा गठ्ठा अजून आहे माझ्याकडं, त्यातूनच हे सगळं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. इफुगाओ अशी एकच सरळसोट भाषा नाही. तुवाली, अम्गानाद, बताद, मायोयाओकडची आयांगान अशा बोल्या आहेत आणि डोंगर ओलांडला की शब्द बदलतो, म्हणजे कोल्हापुरात वाढलेल्या माणसानं पहिल्यांदा चंदगडी ऐकावी तसं, कळतंय कळतंय म्हणता म्हणता एका शब्दाला गाडी थांबते. म्हणून पहिलं काम म्हणजे बोली ठरवणं. तुमच्या ओळखीचा माणूस जिथला असेल तिथली घ्या, ओळखीचं कुणी नसेल तर तुवाली घ्या, किआंगान-लगावेकडची. तिची डिक्शनरी आणि व्याकरण नीट झालेलं आहे. मी खाली जे देतोय ते तुवालीचं धरा. बतादचीपण मोठी डिक्शनरी आहे, पण दोन बोल्यांचे शब्द एका वहीत मिसळू नका, मी मिसळले होते आणि मनांगनी अर्धं पान खोडलं.

प्रांत कुठं आहे ते दोन ओळींत सांगतो. फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर उत्तरेला कोर्डिलेरा डोंगररांगा आहेत, त्यात हा इफुगाओ प्रांत, १९६६ साली जुन्या माउंटन प्रॉव्हिन्समधून वेगळा काढलेला, राजधानी लगावे, आत आपल्या तालुक्यांसारखे ११ भाग. भातशेतीच्या त्या प्रसिद्ध पायऱ्या, ज्यांचा फोटो २० पेसोच्या नोटेवर असतो, त्या इथल्याच. आणि नावातच पहिला धडा आहे. पुगो म्हणजे डोंगर, टेकडी. त्याच्या पुढं 'इ' लावला की 'तिथला'. इ-पुगो, डोंगरावरचा माणूस, त्याचं बाहेरच्यांच्या तोंडी इफुगाओ झालं. बतादचा तो इ-बताद, किआंगानचा तो इ-किआंगान. आपण शेवटी 'कर' लावतो, कागलकर, गारगोटीकर, ते लोक पुढं 'इ' लावतात, एवढाच फरक. मी स्वतःला इ-कोल्हापूर म्हणवून घेतलं तर मनांग खूष.

आता उच्चार. इथं आपली बाराखडी कामाला येते आणि तीपण जिचा आयुष्यात कधी उपयोग झाला नाही ती. आठवा लहानपणीची अंकलिपी, क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गणपतीचा, घ घराचा आणि पुढं ङ, त्याच्या चौकोनात चित्रच नाही, नुसता कोरा. तो ङ इथं शब्दाच्या पहिल्याच जागेवर बसतो. ङादान म्हणजे नाव. ङाने म्हणजे काय. 'ङाने दि ङादान मु?' म्हणजे तुझं नाव काय. इंग्रजी स्पेलिंग बघून बोलायला गेलात तर नगादान, नगाने असं काहीतरी होतं आणि समोरचा नुसता बघत राहतो. त्यापेक्षा 'वाङ्मय' म्हणा सावकाश, वाङ् वर थांबा, जीभ मागं चिकटलेली असेल, तिथूनच आदान म्हणा. झालं. दोन दिवस बाथरूममध्ये सराव करा, घरातले काय म्हणतात तिकडं लक्ष देऊ नका.

दुसरा उच्चार म्हणजे घशातली अडक. लहान पोरगं गॅसच्या शेगडीला हात लावायला निघालं की आपण 'अॅ-अॅ!' करतो, त्या दोन अॅच्या मधे घसा क्षणभर बंद होतो ना, तेच. आपल्याकडं ते अक्षर नाही, त्यांच्याकडं ते पूर्ण व्यंजन आहे आणि लिहिताना छोटी रेघ नाहीतर वरचा स्वल्पविराम देतात. मि'इद म्हणजे 'नाही, नाहीये'. मी पहिले काही दिवस त्याला 'मीद' म्हणायचो, मनांग कान पुढं करायच्या. मि म्हणून घसा बंद, मग इद. आणि तिसरं, हे लिहिण्यातलं आहे, माप-होद म्हणजे चांगलं. इंग्रजीत ते असं लिहितात की आपल्याला फ दिसतो, माफोद वाचलं जातं. तसं नाही. प वेगळा, ह वेगळा, माप... होद.

उच्चारांवर एवढंच पुरे, बाकी अक्षरं मराठी माणसाला जड नाहीत.

आता शब्द कसे पाठ करायचे. मी सांगतो स्वयंपाकघरातून सुरुवात करा, कारण दिवसातून तीनदा हात लागतो. मी परत कोल्हापूरला आल्यावर विसरायला लागलो होतो म्हणून डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मिठाच्या बरणीवर 'आहिन', पाण्याच्या पिंपावर 'दानुम', गॅसच्या मागच्या फरशीवर 'आपुय' म्हणजे आग. आईनं चार दिवस बडबड केली की फरशीला डिंक लागलाय, पण आता तीच आमटी चाखून म्हणते आहिन कमी पडलंय. तांदळाच्या डब्यापाशी मात्र थांबावं लागतं, कारण तिथं एका चिठ्ठीत भागत नाही. आपल्याकडं शेतात उभं असतं ते भात, गिरणीतून आला की तांदूळ आणि ताटात पडला की परत भात, म्हणजे दोन शब्दांत काम. त्यांच्याकडं तिन्हीला वेगळा शब्द. शेतातलं, लोंबीतलं ते पागे. कांडून साफ केलेला तो बोगाह. शिजलेला तो हिनामाल. चिकट जातीचा भात असतो त्याला दायाक्कोत, आणि त्याला आंबवून जी भाताची दारू करतात ती बायाह. हा शब्द विसरणं कोल्हापुरी माणसाला शक्यच नाही, 'अगं बया!' म्हणायचं आणि ग्लास उचलायचा.

आणि माझा सगळ्यात लाडका शब्द, इहदा. इंग्रजीत ह्याचा अर्थ सांगताना मनांगची तारांबळ उडायची, साईड डिश म्हणायच्या, मग म्हणायच्या नाही नाही, साईड नाही ते. मला एका सेकंदात कळलं. कोरड्यास! भाताबरोबर जे काही खायचं ते इहदा, आपल्याकडं भाकरीबरोबर जे खायचं ते कोरड्यास. पुण्यामुंबईच्या मराठी माणसालापण 'कोरड्यास' समजवून सांगावं लागतं, पण आमच्या आजीला इहदा सांगायला एक शब्द पुरला.

ह्या इहदावरूनच एक किल्ली सापडली, ती नीट बघा कारण तिनं भराभर दहा-वीस शब्द फुकटात मिळतात. फिलिपिन्सची जी मोठी भाषा, टागालोग, तिच्यात इस्दा म्हणजे मासा. डोंगरात त्याच शब्दात स च्या जागी ह, तिथं इस्दा तर इथं इहदा, आणि अर्थपण मोठा, मासाच काय कुठलंही तोंडी लावणं. असंच सगळीकडं. टागालोगमध्ये कुत्रा आसो, इथं आहु. नवराबायको दोघांनाही चालणारा शब्द आसावा, इथं आहावा. मीठ आसिन, इथं आहिन. उखळ लुसोंग, इथं लुहुंग. नऊ म्हणजे सियाम, इथं हियाम. आपल्याला ह्यात नवीन काय, सिंधूचा हिंदू झाला आणि आपल्या सप्ताहाच्या शेजारी फारसीतून आलेला हप्ता आपण रोजच भरतो. ज्या पोरांना तिकडं राहून थोडी टागालोग येते त्यांनी तर हे करायचंच, शब्दातला स काढा, ह बसवा, मग विचारून खात्री करा. दरवेळी लागू पडतंच असं नाही हां, पण नेम बरा बसतो.

आकडे ऐका. ओहा, दुवा, तुलु, ओपात, लिमा, ओनोम, पितु, वालु, हियाम, हिम्पुलु. एक ते दहा. दुवा दोन, हे तर आपल्या दुव्यासारखंच वाटतं, पत्त्यांतली दुर्री-तिर्री आठवते, पण नातं काही नाही, योगायोग आहे. वीस म्हणजे दुवाम्पुलु, दोन दहा. शंभर हिंग्गाहुत. मात्र बाजारात भाव सांगताना हे आकडे कमी ऐकू येतील, तिथं सगळ्या फिलिपिन्ससारखे स्पॅनिश आकडे घुसलेत, बेइन्ते म्हणजे वीस, सिंक्वेन्ता म्हणजे पन्नास. त्यामुळं आकडे पाठ करून मोठ्या आत्मविश्वासानं टोमॅटो घ्यायला जाल आणि बेइन्ते ऐकून गार व्हाल. दोन्ही ठेवा खिशात.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, ज्याच्यासाठी मी हे वरचं शीर्षक दिलंय.

एका रात्री अडीचच्या सुमारास डबा उघडला. घरून आणलेला मसाला घालून वांग्याची भाजी केलेली, भाकऱ्या, कांदा. मनांग समोरच बसलेल्या, मी विचार केला त्यांच्याच भाषेत जेवायला बोलवावं. मंगान (लिहितोय असं, पण उच्चारात तोच ङ, मङान) म्हणजे जेवणं, हे माहीत होतं. 'वी'ला काय म्हणतात ते इंग्रजीतून शोधलं होतं, वहीत लिहिलेलं कामि. म्हणून मोठ्या तोऱ्यात म्हटलं, 'मंगान कामि!' मनांगचा चेहरा पडला, मग खदखदून हसायला लागल्या, बाजूच्या दोन पोरांनाही बोलवून सांगितलं. मी बावळटासारखा भाकरी हातात धरून. तर झालेलं असं की मी म्हणालो होतो 'आम्ही जेवतो'. म्हणजे तुम्ही बसा बघत. म्हणायला पाहिजे होतं 'मंगान ताकु', आपण जेवूया.

आणि हे कळल्यावर मी कपाळावर हात मारला. अहो, आम्ही आणि आपण! हा फरक इंग्रजीत नाही, हिंदीतल्या 'हम'मध्ये नाही, पण आपल्याकडं शेंबडं पोरगंसुद्धा चुकत नाही. मी जर ते मराठीतून शिकलो असतो तर चुकलोच नसतो, पण मी मधे इंग्रजी घातली आणि माती खाल्ली. तेव्हापासून ठरवलं, इफुगाओ ते मराठी, थेट. कामि म्हणजे आम्ही, ताकु म्हणजे आपण, आणि नुसतं 'ता' म्हणजे आपण दोघंच, तू आणि मी. मंगान ता, चल आपण दोघं जेवून घेऊ. पंचवीस जणांच्या पंगतीत एकाला मंगान ता म्हणालात तर बाकीचे काय समजायचं ते समजतील. सभेत, कार्यक्रमात सुरुवातीला म्हणतात 'माप-होद अन अल्गो ताकुन आमिन', आपल्या सगळ्यांना चांगला दिवस, त्यातपण बोलणाऱ्यानं स्वतःला धरलेलं असतंय, आपल्या. आमिन म्हणजे सगळे.

अल्गोवरून आठवलं. अल्गो म्हणजे दिवस आणि अल्गो म्हणजे सूर्यपण. इंग्रजीतून शिकणाऱ्याला दोन ओळी लिहाव्या लागतात. आपण? दिस उगवला, दिस बुडाला. दिवस म्हणजे सूर्य हे आपल्याकडं रोजचंच. बुलान म्हणजे चंद्र आणि बुलान म्हणजे महिना. तावोन म्हणजे वर्ष. हिलोंग रात्र. उदान म्हणजे पाऊस, हा मी 'उदक'ला बांधून ठेवलाय डोक्यात.

नकाराचंपण तसंच. इंग्रजीत नो आणि नॉट, संपलं. इफुगाओत तीन वेगळे, आणि मराठीत? नाही, नको, नव्हे, कोल्हापुरात न्हाय, नगं, न्हवं. तंतोतंत जुळत नाहीत पण घरं तीनच आहेत हे आपल्या अंगात असतं. आदि हा क्रियापदाला लागतो, करत नाही, येत नाही, जाणार नाही, आणि नुसता आदि म्हटलं तर नको असंही चालून जातं. बोकोन म्हणजे न्हवं, हा तो न्हवं, हे माझं न्हवं. आणि मि'इद म्हणजे नाहीच, अस्तित्वातच नाही, पैसे मि'इद, पाणी मि'इद. त्याच्या उलट वादा म्हणजे आहे. मी आपलं 'वाडा आहे' असं घोकलं. दुकानात गेलात आणि वस्तू नसेल तर बोकोन म्हणणार नाहीत ते, मि'इद म्हणतील. हो म्हणायला ओम. ओम म्हणजे हो, ह्याच्यावर जास्त विचार करू नका, आनंद घ्या.

क्रियापदांना लोक घाबरतात. घाबरण्यासारखं आहेच थोडं, पण युक्ती अशी की शब्द पाठ करू नका, मूळ पकडा. खाणं ह्याचं मूळ कान. त्याला पुढं लावलं की मंगान, क त्या ङ च्या उच्चारात विरघळून जातो, आणि म्हणून तुम्ही डिक्शनरीत म वर मंगान शोधत बसाल आणि तो सापडेल क वर. माझे पहिले दोन आठवडे असेच गेले. खाल्लं म्हणायला नंगान. पण जेव्हा खाणाऱ्यापेक्षा खाल्लेल्या वस्तूवर भर असतो तेव्हा कानोन, आणि झालेलं असेल तर किनान. आता हे इंग्रजीतून समजवतात तेव्हा पॅसिव्ह-बिसिव्ह काढतात, डोकं फिरतं. तुम्ही फक्त हे बघा, मी भात खाल्ला, मी भाकरी खाल्ली. खाणारा मीच, पण क्रियापद कुणाचं ऐकतंय? भाकरीचं. हे ज्याच्या जिभेवर आहे त्याला किनान कळायला वेळ लागत नाही. नियम एकच नाही, पण वाट ओळखीची आहे.

किनानमधला तो 'इन' बघितला का, तो पुढंही नाही मागंही नाही, मूळ शब्दाच्या पोटात घुसलाय, गर्दीच्या एसटीत तिघांच्या सीटवर मधेच चौथा बसतो तसा. तावोन वर्ष, त्यात इन घातला, तिनावोन. हा त्यांच्या डोंगरातल्या जुन्या भाताचं नाव आहे, वर्षातून एकदाच येणारा, वर्षाचा. आपला आजरा घनसाळ जसा घरात शिजला की शेजारी कळतो, तसं मनांग तिनावोनबद्दल बोलायच्या. आणि क्रियापदं वाक्यात पहिली येतात, 'आला काय पाऊस', 'गेला की त्यो' असं आपण बोलतोच, तसं. उमालि म्हणजे येणं, इम्मालि का म्हणजे आलास तू. उमिनुम पिणं. उमिनुम ताकु, प्यायचं आपण, पाणी का बायाह ते वेळेवर ठरवा.

अजून एक जोड म्हणजे मुन. काम करणारा, काम चाललेलं. बाकि म्हणजे त्यांचा विधी, मंत्र म्हणून, कोंबडी-डुक्कर कापून, कोंबडीचं पित्त बघून कौल घेतात तो. मुन अधिक बाकि, झालं मुम्बाकि, तो विधी करणारा माणूस. ह्याचं भाषांतर लोक पुजारी करतात, मला विचाराल तर भगत जास्त जवळचं. हुदहुद म्हणून त्यांची लांबच लांब गाणी आहेत, पेरणीला, कापणीला आणि मयताच्या जागरणाला म्हणायची, त्यात जी मुख्य म्हणणारी बाई ती मुन्हाव-ए, बहुतेक वयस्कर असते, बाकीच्या मागून ओढतात. आपल्याकडं जात्यावर आणि झिम्म्याला बायका म्हणायच्या तसं, फक्त ह्यात आलिगुयोनसारख्या वीरांच्या लढाया. २००१ मध्ये युनेस्कोनं त्याची नोंद घेतली आणि २००८ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत टाकलं, २०० च्या वर कथा आहेत आणि एकेकीचे ४० च्या आसपास भाग. शिकायला सुरुवात हुदहुदपासून करू नका एवढंच सांगतो, ती भाषा जुनी आहे, तिथल्या कॉलेजच्या पोरांनाही अडते. मी उत्साहात करून बघितलंय.

शेतीचे शब्द ज्याला खेड्याची सवय आहे त्याला सोपे. पायो म्हणजे भातखाचर, पाणी धरून ठेवणारं. त्याचा बांध म्हणजे बानोंग, बांध-बानोंग, विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही. हाबाल म्हणजे उतारावर जाळून केलेली शेती, आपल्या घाटातली जुनी कुमरी, तिथं रताळी लावतात. आलांग म्हणजे धान्याचं कोठार, आणि त्यात राखणदार म्हणून लाकडाचे बसलेले पुतळे ते बुलुल. म्हशीसारखा चिखलात राबणारा प्राणी नुवांग, डुक्कर बाबुय, कोंबडी मानुक. आणि खाचरांच्या वर डोंगरमाथ्याला जे राखलेलं रान असतं, ज्याच्यामुळं खालच्या पायऱ्यांना पाणी मिळतं, ते मुयोंग. इथं सावध राहा, आपल्याला लगेच 'देवराई' सुचतं, मलाही सुचलं होतं. पण मुयोंग देवाचं नाही, घराण्याचं असतं, एका कुटुंबाचं, त्यातलं लाकूड त्यांनी वापरायचं आणि त्यांनीच राखायचं. मराठीत एका शब्दात बसत नाही, मुयोंगच म्हणा.

बाय द वे, जाणाऱ्यांसाठी, १९९५ साली जागतिक वारसा म्हणून जी पाच ठिकाणं धरली ती बताद, बांगआन, मायोयाओ, हुंगदुआन आणि नागाकादान. बानावे गावाच्या रस्त्यावरून सगळे जिथं फोटो काढतात ती खाचरं त्यात नाहीत. पन्हाळ्याला जाऊन नुसत्या तीन दरवाज्यापाशी सेल्फी काढून आल्यासारखं होईल. २००१ ते २०१२ ही शेतं धोक्यातल्या वारशांच्या यादीत होती.

नात्यांचे शब्द मात्र आपल्याला फार कमी वाटतात, इतके कमी की गंमत वाटते. आमा बाप, इना आई. मग काका? आमा. मामा? तोपण आमा. आत्या, मावशी, काकू सगळ्या इना. बहीणभावाला तुलांग, चुलत-मावस भावंडंही त्यातच. आपु म्हणजे आजोबा, आजी, पूर्वज सगळं. मी मनांगना एकदा मामा, काका, आत्या, मावशी, साडू, जाऊ, विहीण असं सगळं सांगत गेलो तर त्या म्हणाल्या ह्याची वेगळी डिक्शनरी पाहिजे. पण ह्याचा व्यवहारात उपयोग असा की कुणी 'माझी इना' म्हणून तीन बायका दाखवल्या तर गोंधळू नका.

बोलायला सुरुवात कशी करायची. सकाळी माप-होद अन बिग्गात, संध्याकाळनंतर माप-होद अन हिलोंग, हे चालतं, पण हे जरा शाळेतलं वाटतं, आपण एकमेकांना 'शुभ प्रभात' किती वेळा म्हणतो? डोंगरात वाटेत माणूस भेटला की विचारतात कुठं निघालास. बाजारपेठेत तेच इलोकानोत ऐकाल, 'पापानाम?' आपलं 'कुठं निघालायसा?' त्याला खरं उत्तर द्यायची गरज नसते, आपण जसं 'हाय जरा काम' म्हणतो तसं हात करून पुढं जायचं. आभाराला सालामात सगळीकडं चालतं. आणि कुणी मोमा पुढं केला तर नुसतं नाही म्हणू नका, हसून आदि म्हणा. मोमा म्हणजे सुपारी, हापिद पान, आपुल चुना. विडाच की हो! मी तिघांची नावं एका दमात म्हटली तर मनांगच्या नवऱ्यानं फोनवरनं विचारलं, तंबाखू कुठाय?

सरावाचं माझं गणित साधं आहे. दिवसाला पाच शब्द, त्यापेक्षा जास्त नाही. प्रत्येक शब्दाचं मराठीत वाक्य, आणि शक्यतो खरं वाक्य, आज घडलेलं, 'आज उदान आला नाही', असं निम्मं-निम्मं चालतं, लाजू नका. आठवड्यातून एकदा समोरच्या माणसाला व्हॉईस नोट, लिहून पाठवू नका, लिहिण्यानं घशातली अडक कधीच येत नाही. स्वतःची व्हॉईस नोट स्वतः ऐका आधी. आणि इंटरनेटवर रेडीमेड वाक्यांच्या याद्या मिळतात त्यात बोली कुठली हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं, तेव्हा तिथलं काही उचललंत तर आधी एका माणसाला विचारा, मगच वहीत घ्या.

मनांग आता रिटायर होऊन किआंगानला परत गेल्यात. रविवारी कॉल असतो. मागच्या रविवारी मी जेवायच्या वेळेलाच लावला, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, ताटात तांबडा रस्सा, भात. त्यांना दाखवलं, म्हटलं हिनामाल, इहदा, मंगान ताकु मनांग. त्यांनी स्क्रीनजवळ तोंड आणून रस्सा बघितला आणि चक्क मराठीत, मीच शिकवलेल्या, विचारलं, 'आपण का आम्ही?'